पोरगी तिकडे पायदळ फिरते

"ताई, नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो. कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी आणि तूर. मी गावात आशा म्हणून काम करते. मोठी पोरगी सप्टेंबरात लंडनला सार्वजनिक आरोग्य शिकायला गेली, बँकेचं कर्ज काढून. अभ्यास करते म्हणते, पण दर रविवारी एकटीच पायदळ हिंडायला निघते. कधी दहा, कधी पंधरा किलोमीटर. रात्री नऊ-साडेनऊला तिचे फोटो येतात. पूल, कालवा, कोणाच्या तरी घराची भिंत. एवढ्या रातच्याला ही बाहेरच असते. वरून चालायसाठी साडेनऊ हजाराचे बूट घेतले. जाऊबाई म्हणतात, 'शिकाले धाडली का हिंडाले?' हिचे बाबा काही बोलत नाहीत, पण रात्री फोन उशाशी घेऊन जागे असतात. सासूबाई दरवर्षी शेगावला पायदळ जातात, त्या म्हणतात जाऊ दे तिला. पोरीला राग न येता हे बंद कर असं कसं सांगू? तुम्ही तिकडे शिकून आल्या असं ऐकलं, म्हणून लिहिते. एक आई."

ताई,

आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. या भांडणात मी त्यांच्या बाजूनं आहे. त्यामुळे 'बंद कर असं कसं सांगू' याचं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही. पण तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही, तिच्याकडे नंतर येते.

आधी घड्याळाचं बघू, कारण निम्मी झोप त्यानंच उडवली आहे. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तुमच्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिच्याकडे दुपारचे साडेतीन झालेले असतात. म्हणजे फोटो येतात तेव्हा पोरगी दिवसाउजेडी फिरत असते आणि परतायच्या बेतात असते. डिसेंबरात तिथं चारच्या आधीच सूर्य बुडतो, म्हणून ती सकाळी निघते. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढं करतात, मग फरक साडेचार तासांचा राहतो. आणि जूनमध्ये तर तिथं रात्री नऊनंतरही उजेड असतो. तेव्हा तिचे फोटो तुमच्या मध्यरात्रीनंतर आले तर दचकू नका. तिच्या बाबांना हे आजच सांगा. जमलं तर भिंतीवर दुसरं घड्याळ लावा, लंडनच्या वेळेचं. माझ्या आईनं लावलं होतं. तिच्या दृष्टीनं ते घड्याळ शेवटपर्यंत 'बिघडलेलं'च होतं, पण बघायची रोज.

मी आर्वी तालुक्यातली. 1997 साली वर्षभरासाठी शिकायला गेले होते. पहिले तीन महिने मी लंडन पाहिलंच नाही, कारण मी जमिनीखाली होते. तिथली भुयारी रेल्वे फार सोयीची. घुशीसारखं एका बिळातून शिरायचं, दुसऱ्यातून बाहेर निघायचं. वर काय आहे त्याचा पत्ता नाही. वसतिगृह हे एक बीळ, कॉलेज हे दुसरं, भाजी स्वस्त मिळायची ते तिसरं. मधलं सगळं शहर म्हणजे खिडकीबाहेरचा अंधार.

एका शनिवारी मला लेस्टर स्क्वेअरहून कॉव्हेंट गार्डनला जायचं होतं. नकाशात पाहिलं, एकच स्टेशन. खाली उतरले, गाडीची वाट पाहिली, बसले न बसले तोच स्टेशन आलं. लिफ्टपुढं ही गर्दी. म्हटलं जिन्यानं जाऊ. तो गोल गोल जिना चढताना पार दम निघाला. 193 पायऱ्या आहेत त्याला, हे मागाहून कळलं. धापा टाकत वर आले, समोरच्या दुकानदाराला विचारलं, लेस्टर स्क्वेअर इथून किती लांब? तो म्हणाला, ते काय, चार-पाच मिनिटांवर. या दोन स्टेशनांमध्ये जेमतेम 260 मीटरचं अंतर आहे. आपल्याकडे वावराच्या एका धुऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत असतं तेवढं. तेवढ्यासाठी मी तिकिटाचे पैसे मोजले आणि वर गुडघे दुखवून घेतले.

दोष नकाशाचा नव्हता, माझ्या वाचण्याचा होता. भुयारी रेल्वेचा तो प्रसिद्ध नकाशा हॅरी बेक नावाच्या आरेखकानं काढला आणि तो 1933 साली छापला गेला. त्यात अंतरं खरी नाहीत. कोणत्या स्टेशनानंतर कोणतं येतं आणि गाडी कुठं बदलायची, एवढंच तो सांगतो. रेषा सरळ, वळणं ठरावीक कोनात, स्टेशनं सारख्या अंतरावर. विजेच्या जोडणीची आकृती असते तसा. एसटीच्या पाटीवर गावं एकाखाली एक लिहिलेली असतात, त्यावरून कोण म्हणेल की दोन गावांत वीतभर अंतर आहे? मी मात्र तेच करत होते. त्या दिवसानंतर मी रविवारची पायदळ निघायला लागले. तुमच्या पोरीनं आपणहून सुरुवात केली म्हणजे ती माझ्यापेक्षा शहाणी.

'पायदळ' हा शब्द तुम्ही लिहिला तेव्हा बरं वाटलं. पुण्यात कॉलेजला असताना मी 'पायदळ आले' म्हटलं की मैत्रिणी हसायच्या, सैन्यातून आलीस का म्हणून. हसू द्या. पोरगी माध्यमिकला शेजारच्या गावात जात असेल ना? पांदणीनं, पावसाळ्यात चिखल तुडवत? तेव्हा ती एकटी हिंडते असं कोणी म्हटलं नाही. चालणं तिला लंडननं शिकवलेलं नाही, ते ती घरून घेऊन गेली आहे.

आता जाऊबाईंच्या प्रश्नाकडे येते. शिकाले का हिंडाले? इतर कोणत्या विषयाची पोरगी असती तर मी जरा चाचरले असते. पण ती सार्वजनिक आरोग्य शिकते आणि तुम्ही स्वतः आशा आहात! गावात हगवणीची साथ आली की वही घेऊन दारोदार कोण जातं? घरात किती माणसं, कोणाला जुलाब, पाणी विहिरीचं की हापशीचं. त्या वहीचा एक पूर्वज लंडनच्या सोहो भागात सापडतो.

1854 सालच्या ऑगस्टच्या अखेरीला तिथं पटकीची साथ फुटली. थोड्या दिवसांत त्या चार गल्ल्यांतली सहाशेहून अधिक माणसं गेली. तेव्हाचे बहुतेक जाणकार म्हणत, रोग वाईट हवेतून, दुर्गंधीतून येतो. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरला संशय पाण्याचा होता. तो घरोघर फिरला. कोण मेलं, ते कुठलं पाणी पीत होतं, हे विचारत गेला. मृत्यू नकाशावर मांडले तर ते ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हापशीभोवती गोळा झालेले. जवळच्या दारूभट्टीतले कामगार मात्र ठणठणीत होते, कारण ते भट्टीतली बिअर प्यायचे आणि भट्टीची विहीर वेगळी होती. आणि पाच-सहा किलोमीटर लांब हॅम्पस्टेडला एक विधवा बाई पटकीनं गेली. तिचा या गल्लीशी काय संबंध? तर ती पूर्वी तिथं राहायची, तिला त्या हापशीच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती रोज तिथून पाणी मागवायची. ही गोष्ट खुर्चीत बसून कोणाला कळली असती? 8 सप्टेंबरला त्या हापशीचा दांडा काढून टाकला. साथ तोवर ओसरायला लागली होती हेही खरं, दांडा काढला आणि साथ थांबली अशी सिनेमासारखी गोष्ट ती नाही. त्या भागातला तरुण पाद्री हेन्री व्हाइटहेड याला स्नोचं म्हणणं पटलेलं नव्हतं, तोही घरोघर फिरला, आणि शेवटी एका आजारी बाळापर्यंत पोचला. त्याचे कपडे धुतलेलं पाणी हापशीच्या विहिरीलगतच्या शोषखड्ड्यात जात होतं. तुमच्याकडे संडासाचा खड्डा आणि विहीर यांत अंतर ठेवा म्हणून तुम्ही लोकांच्या मागं लागता, ते हेच.

त्या रस्त्याचं नाव आता ब्रॉडविक स्ट्रीट आहे. तिथं बिनदांड्याच्या हापशीची प्रतिकृती उभी आहे. बाजूच्या पबला स्नोचं नाव दिलं आहे, आणि गंमत अशी की हा माणूस आयुष्याचा बराच काळ दारूला शिवलाच नाही. पोरगी अजून तिथं गेली नसेल तर तिला पाठवा. तिथून तिला व्हिडिओ कॉल करायला लावा आणि त्या वेळी जाऊबाईंना शेजारी बसवा.

बुटांचं थोडक्यात. घेऊ द्या. लंडनमध्ये वर्षाला साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो, यवतमाळपेक्षा कमीच. पण आपल्यासारखा चार महिन्यांत धो धो पडून मोकळा होत नाही, वर्षभर टिपटिपत राहतो. ओल्या मोज्यांनी दिवस काढला की काय होतं ते मी सांगत बसत नाही. मी स्वस्तातले बूट घेतले आणि वर्षात तीन जोड फेकले. आणि पायदळ वाचवलेले तिकिटाचे पैसे धरले तर ते साडेनऊ हजार ती लवकरच वसूल करेल.

आता भीती. रहदारीची फारशी नको. तिथंही गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनंच चालतात, त्यामुळे मान कुठं वळवायची हे आपल्याला शिकावं लागत नाही. युरोपातल्या पोरांना लागतं, म्हणून रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'उजवीकडे बघा' असं लिहिलेलं असतं. पिवळ्या गोळ्यांचे दिवे असलेल्या झेब्रा पट्ट्यांवर पाय ठेवला की गाड्या खरंच थांबतात. ते पचायलाच मला महिना लागला, मी पट्टीवर उभी राहून गाड्यांना 'आधी तुम्ही' असा हात करायची.

खरा त्रास मोबाइलचा आहे. तिथं चोर दुचाकीवरून, विजेच्या सायकलवरून येतात आणि रस्त्याच्या कडेला नकाशा बघत उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला फोन हिसकावून नेतात. लंडनमध्ये हे बरंच होतं. यासाठी तिला एकच सवय लावायला सांगा: फोन बघायचा तर रस्त्याकडे पाठ करून भिंतीला लागून, किंवा दुकानात शिरून. चालताना फोन आतल्या खिशात. तसा वाट शोधायला तो लागतही नाही फार. कोपऱ्याकोपऱ्यावर उंच पाट्या उभ्या असतात, त्यावर 'तुम्ही इथे' आणि पाच मिनिटांत, पंधरा मिनिटांत पायी कुठवर जाता येईल याची वर्तुळं. शिवाय तो नकाशा तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे आहात तसा फिरवलेला असतो, उत्तर वर धरून नाही. आमच्या वेळी या पाट्या नव्हत्या. ए टू झेड नावाचं नकाशांचं जाडजूड पुस्तक मी पिशवीत वागवायची.

दुसरं, अंधार पडल्यावर कालव्याकाठची आणि बागांमधली वाट सोडायची आणि दुकानांच्या रस्त्यानं यायचं. हे मी काही पोरगी आहे म्हणून सांगत नाही, पोराला पण हेच सांगितलं असतं. अडचण आली तर पोलिसांचा नंबर 999. आणि निघताना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन सुरू करायला सांगा, ते आठ तासांपर्यंत ठेवता येतं. मात्र तो ठिपका बघत बसायचं काम तिच्या बाबांना देऊ नका, नाही तर जागरण कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. ठिपका पंधरा मिनिटं हलला नाही तर ती कदाचित संग्रहालयात असते. तिथली मोठी संग्रहालयं फुकट असतात आणि आत बसायला बाक असतो, त्यामुळे विद्यार्थ्यांचे ठिपके तिथं फार वेळ थांबतात.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ती एकटी का चालते? काहींना एकट्यानंच चालायला आवडतं, मलाही आवडायचं. पण परदेशातला पहिला हिवाळा वाईट असतो. चार वाजता अंधार, सोबतचे आपापल्या घोळक्यात. काही पोरं खोलीत बसवत नाही म्हणून चालत सुटतात. दोन्हींतला फरक तुम्हाला फोनवर कळेल. तिच्या बोलण्यात माणसांची नावं येतात का बघा. 'अमक्याकडे जेवले', 'तमकीसोबत प्रोजेक्ट' असं काही येतं का? नुसतेच पूल आणि भिंती येत असतील, एकही माणूस येत नसेल, तर रागावू नका, पण विचारा. पुढच्या रविवारी वर्गातल्या कोणाला सोबत ने, असं सुचवा. आणि तिला नीट झोप नाही, खाणं सुटलंय असं वाटलं तर बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांशी बोलायला समुपदेशक असतात, तिथं जायला सांगा. त्यात लाज काही नाही. आपल्याकडे देवऋष्याकडे जायला लाज वाटत नाही, मग याला काय झालं?

'जेवलीस का' हे विचाराच, ते कोणती आई सोडणार. पण त्यानंतर 'आज कुठून कुठं गेलीस' हेही विचारा. म्हणजे ती तुम्हाला सांगायला म्हणून नीट बघेल. मी आईला दर आठवड्याला पत्र लिहायची, आणि आई उलट टपाली विचारायची, त्या थेम्स नदीचं पाणी वापरायचं की नुसतं बघायचं?

शेवटी तिच्यासाठी एक वाट सांगते, तिला वाचून दाखवा. चारेक किलोमीटरची आहे, तिच्या हिशेबानं काहीच नाही. वॉरविक ॲव्हेन्यू स्टेशनवर उतरायचं आणि हाउली प्लेस या गल्लीत जायचं. तिथं 10 नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे. चिरोल नावाच्या इंग्रज पत्रकारावरच्या खटल्यासाठी लोकमान्य टिळक लंडनला गेले तेव्हा 1918-19 साली ते तिथं राहत होते. खटला ते हरले. तिथून जवळच लिटल व्हेनिस, जिथं रीजंट्स कालवा सुरू होतो. हा कालवा 1820 साली पूर्ण झाला, मालाच्या होड्या न्यायला. काठानं पायवाट आहे. माणसांसाठी नव्हती ती, घोड्यांसाठी होती. घोडा काठानं चालायचा आणि दोरानं होडी ओढायचा. थोडं पुढं बोगदा लागतो, त्यात वाट नाही, तेवढ्यापुरतं वर रस्त्यावर यायचं, जसं घोड्यांनाही वरून न्यायचे. मग परत काठाला.

रीजंट्स पार्कच्या कडेनं जाताना मॅकल्सफील्ड पूल लागतो. 1874 साली बंदुकीची दारू भरलेली होडी त्याच्या खाली फुटली आणि पूल उडाला. पुन्हा बांधताना जुनेच लोखंडी खांब वापरले, पण फिरवून बसवले. आता त्या खांबांना दोन्ही बाजूंनी खोल खाचा दिसतात. एका बाजूच्या स्फोटाआधीच्या, दुसऱ्या बाजूच्या नंतरच्या. होड्यांचे ओले दोर वर्षानुवर्षं घासून लोखंडाला पडलेल्या. मी बोट घालून बघितलं होतं, पेर आत गेलं.

पुढं प्राणिसंग्रहालयाच्या मधून कालवा जातो, ते ओलांडलं की वर चढून प्रिमरोज हिलवर जायचं. टेकडी म्हणायची इतकीच, आपल्या टेकड्यांपुढं वारूळ. पण वरून सगळं लंडन दिसतं. पलीकडे उतरलं की किंग हेन्रीज रोड, घर नंबर 10. बाबासाहेब 1921-22 साली तिथं राहिले, पैशांची ओढाताण सोसून लंडनचा अभ्यास पुरा करत होते. महाराष्ट्र सरकारनं ते घर 2015 साली विकत घेतलं, आता तिथं स्मारक आहे. उघडं केव्हा असतं ते आधी बघून जा म्हणावं. नागपूरच्या दीक्षाभूमीवर उभी राहिलेली पोरगी त्या दारात उभी राहील तेव्हा तिला काय वाटेल ते मी सांगायला नको.

तिला त्या पुलाच्या खांबाचा जवळून फोटो काढायला सांगा. आणि तुमच्या गावविहिरीच्या काठाचा दगड असेल ना, बायांनी पाणी शेंदून शेंदून खाचा पडलेला? त्याचा फोटो तुम्ही तिला पाठवा.